आठ सेकंदांची हाळी

"मंजूर न्हाय! आठ सेकंद म्हंजी काय वाटंवर पडल्यात व्हय? एक सेकंदसुदीक सोडायचा न्हाय! सांगा त्यान्ला!"

जालिंदरराव माईकमध्ये ओरडत होते. खरं तर त्यांना माईक लागत नाही. ते घरात भाकरी मागतात तेव्हा शेजारच्या तीन घरांत ताटं वाढली जातात. पण सोसायटीचे माजी संचालक असल्यामुळं माईक दिसला की त्यांचा हात आपोआप पुढं जातो. माईक माझा होता, कर्णे माझे होते आणि लासुर्ण्याच्या मारुतीपुढं घातलेला मंडपही माझाच होता. माईकच्या दांड्याला मी माझा मोबाईल सुतळीनं बांधला होता आणि त्या मोबाईलमधून, समुद्रापलीकडून, रेश्मा बोलत होती.

"जालिंदरमामा, अहो, नियमच हाय तसा. गाणं तीन मिनिटांत संपलं पायजे. आपलं आठ सेकंद जास्त होतंय. त्ये म्हणत्यात, शेवटचा तुकडा काढा, न्हायतर गाणंच बाद."

"कोण म्हणतंय? नाव सांग त्याचं! ठराव करू आमी!"

टाळ्या पडल्या. आमच्याकडं ठराव म्हटलं की टाळ्या पडतातच. उसाला पाणी द्यायचं असो नाहीतर विंचू उतरवायचा असो, आधी ठराव.

आता ही रेश्मा कोण ते सांगतो. कोऱ्हाळे बुद्रुकची पोरगी, आजोळ लासुर्ण्याचं. बारामतीला कॉलेज झालं, पुण्याला गाणं झालं आणि मग एकदम देशाच्या वतीनंच गायला निघाली. देशादेशांची गाण्याची स्पर्धा होती, टीव्हीवरून निम्म्या जगाला दिसणारी. एका देशाचं एकच गाणं. त्या साली आपल्या देशाचं म्हणून जे निवडलं गेलं ते रेश्माचं आणि तिच्या चार साथीदारांचं. गाण्यात शब्द असतील वीस-बावीस. बाकीची सगळी ताकद एका हाळीत होती. ती हाळी भिवातात्यांची, म्हणजे रेश्माच्या आईच्या वडिलांची. मेंढरांना घालतात ती हाळी. सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो, म्हणून नातही तात्याच म्हणते.

तात्या पुढच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. अख्खा गाव त्यांच्यासाठी भांडत होता आणि ते काठीच्या टोकानं मातीत एक रेघ ओढत होते. ओढली, पायानं पुसली, पुन्हा ओढली. शेवटी मान वर न करता म्हणाले, "रेश्मे, उठवलंस तर बसवलंच पायजे. न्हाय तर उठवू नगं."



---

यंदाही साखर कारखान्याचा भोंगा झाला. मी आता बारामतीत राहतो, थोरल्या पोरानं घर बांधलंय तिथं. पण कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बारामतीत राहा नाहीतर इंदापुरात, सुटका नसते. हवेत काकवीचा आणि मळीचा मिळून एक वास येतो. त्याला चांगला म्हणावं की वाईट, हे माझं साठ वर्षांत ठरलेलं नाही. डांबरी रस्त्यावर पाचटाचे तुकडे लोळतात. दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येतात, आणि प्रत्येकावर एवढे मोठे स्पीकर, की एकाचं गाणं ऐकून दुसऱ्याचा ऊस ट्रॉलीतल्या ट्रॉलीत नाचतो. परवा पिंपळीच्या फाट्यावर उभा होतो. असाच एक ट्रॅक्टर गेला आणि त्यावर रेश्माचं गाणं. हाळीचा तुकडा आला तसा ड्रायव्हर सीटवरून अर्धवट उठला. खड्डा होता म्हणून उठला असेल. पण मी खड्डा शोधला, मला सापडला नाही.

तेव्हापासून मला एकच कुतूहल लागून राहिलंय. हाक मारल्यावर उठतं ते नेमकं काय? कान उठतो, की पाय उठतो, की या दोघांच्या मधलं, ज्याला आपण अजून नाव दिलेलं नाही, असं काहीतरी उठतं?

तात्यांची हाळी मी लहानपणी ऐकलेली. ते लासुर्ण्याच्या माळावरून हाळी द्यायचे आणि म्हणे पिंपळीत जेवायला बसलेली माणसं ताटावरून उठायची. वाऱ्यानं लोळलेला ऊस उभा राहायचा, असं माझे चुलते सांगत. चुलत्यांच्या बोलण्यातला निम्मा भाग सोडून द्यायचा अशी आमच्या घरची रीत होती, पण मी म्हणतो निम्मा ऊस तरी उभा राहिला असेलच की! आवाज कसा? आधी जिभेच्या शेंड्यावर एक घरघर, मग एकाएकी वर चढणारी लांब तान, जशी मोटेची धाव उलटी, खालून वर. ती उठवायची हाळी. आणि मग दुसरी, बसवायची. ती गळ्यातून निघतच नाही, छातीत घुमते आणि हळूहळू खाली उतरते, संध्याकाळी माश्या पोळ्यात शिरतात तशी. पहिली ऐकायला गावातली पोरं धावत. दुसरी कुणी ऐकायला थांबत नसे, कारण तोवर मेंढरं बसलेली असत आणि बघण्यासारखं काही उरत नसे.

पुढं माळाला पाणी आलं, माळाचा ऊस झाला, आणि तात्यांनी मेंढरं पुतण्याला, धुळाला देऊन टाकली. त्याला तेव्हाच दहा वर्षं तरी झाली असतील. त्यानंतर त्यांनी हाळी घातली नाही. मी एकदा विचारलं, "तात्या, घाला की एकदा, ऐकू द्या." तर म्हणाले, "कुणाला घालू? उसाला?"

एवढं बोलून त्यांनी उसाकडं असं पाहिलं, की ऊसच ओशाळला असावा.

आणि मग एका उन्हाळ्यात रेश्मा आली. लिंबाखाली बाजेवर तात्या, खाली पोत्यावर ती. आठ दिवस ते चाललं होतं. मी जवळच एका लग्नाचा मांडव घालत होतो, म्हणजे घालत असल्याचं दाखवत होतो. पहिले तीन दिवस पोरीच्या गळ्यातून कोंबडं निघालं. चौथ्या दिवशी मांजर. पाचव्या दिवशी ती घरघर अशी काही लागली, की माझ्या हातातला बांबू सुटला आणि वर चढलेला माझा गडी खाली उतरून विचारायला लागला, "मालक, बोलावलं व्हय?"

तात्यांनी तिला दोन्ही हाळ्या दिल्या. पण देताना ती एकच अट. उठवलं तर बसवायचं.

---

ती अट का, हे त्यांनी पोरीला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, आणि तेही सभेच्या दुसऱ्या दिवशी, मी कर्ण्यांच्या वायरी गुंडाळत असताना.

ते विशीत होते तेव्हा. कालव्याच्या अल्याड मेंढरं बसलेली. तात्यांनी उठवायची हाळी घातली आणि तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं, की शेजारच्या गावात कुस्त्यांना कोल्हापूरचे पैलवान आलेत. तात्या तसेच पळाले. बसवायला मागं कुणी राहिलं नाही. कळप उठला तो उठलाच. उठलेल्या जनावराला कुठंतरी जायचं असतं. समोर कालवा होता, काठोकाठ. एकामागं एक. मेंढरं अशीच जातात, पुढचीच्या शेपटीकडं बघत.

"किती गेली, तात्या?"

"मोजली न्हाय," ते म्हणाले. "कुस्ती बी निकाली झाली न्हाय."

मी आयुष्यात पुष्कळ बाता मारल्या आहेत. अजून मारतो. पण ही गोष्ट मी कुणाला सांगताना तिच्यात एकही मेंढरू वाढवलेलं नाही.

---

तर ठराव. शाळेतल्या गुरुजींनी सुरेख अक्षरात लिहिला. "सदर गाण्यात श्री. भिवातात्या यांची हाळी पूर्ण असावी व त्याकामी आठ सेकंद वाढवून मिळावेत." सूचक जालिंदरराव, अनुमोदक शोभाकाकी. या शोभाकाकी म्हणजे गिरणीवाल्या, गिरणी चालू असतानाही भांडण जिंकणाऱ्या. खाली सगळ्यांच्या सह्या, तीन अंगठे, आणि अगदी शेवटी, आमच्याकडं कुठल्याही नोटिशीच्या शेवटी असतं तसं वाक्य: "सात दिवसांत हरकत न आल्यास आपली संमती आहे असे समजण्यात येईल."

कागदाचा फोटो काढला आणि स्पर्धेवाल्यांना पाठवला. मराठीतच. जालिंदरराव म्हणाले, "आपल्याला त्यांची भाषा येत न्हाय, ही त्यांची अडचण हाय."

सात दिवस गेले. हरकत आली नाही. येणार कशी? तिथं ज्या बाईनं तो कागद उघडला असेल ती अजून डोळे चोळत असेल. पण आठव्या दिवशी जालिंदररावांनी चौकात पेढा हातात घेऊन जाहीर केलं, "हरकत न्हाय! आठ सेकंद मंजूर!" आणि स्वतः तात्यांच्या दारात जाऊन सांगून आले, "तात्या, मंजूर झालं. निर्धास्त ऱ्हावा."

तुम्ही हसाल. पण आमच्या भागात शेताचे बांध, देवळांचे कळस आणि दोन-चार लग्नंसुद्धा याच वाक्यावर उभी आहेत. सात दिवस कुणी बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना पसंत. मलासुद्धा शंका आली नाही.

तात्यांनी फक्त एवढंच विचारलं, "पोरगी काय म्हणाली?"

"पोरीचं मी बगतो," जालिंदरराव म्हणाले. आणि त्यांनी बघितलंही. रेश्माला फोन लावून सांगितलं, "तू तुझं गा. तात्यांचं मी बगतो."

माणूस दुष्ट नाही हो. दोन्ही बाजूंना होकार देत देत तो तीन वेळा संचालक झाला, एवढंच.

मतदानाचा घोळ आणखी निराळा. रेश्मानं फोनवर सांगितलं, की बघणाऱ्यांनी मतं द्यायची असतात, पण स्वतःच्या देशाला देता येत नाहीत.  

"सोताच्या उमेदवाराला मत न्हाय?" जालिंदररावांना घाम फुटला. "मग ही निवडणूक कसली?"

"मग दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं," शोभाकाकी म्हणाल्या.

"कुणाला?"

"ज्याचं गाणं चांगलं हाय त्येला!"

जालिंदररावांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं काही त्यांनी उसात गाजरं लावा म्हणून सांगितलं. मग रात्रंदिवस खल करून त्यांनी एक पॅनेल बसवलं. ज्या देशांच्या झेंड्यात कुठंतरी भगवा, केशरी किंवा निदान पिवळा आहे, ते आपल्या बाजूचे. तसा कागद चौकात लावला. एका ऊसतोडवाल्यानं त्याच्यावर खडूनं लिहिलं, "आमचं मत कोयत्याला."

---

दिवस माघातला. स्पर्धा लांब पूर्वेच्या शहरात होती. त्यांच्याकडं रात्रीची जेवणं उरकतात तेव्हा आमच्याकडं चहा उकळत असतो. पाच वाजता चौकात पडदा लावला. ऊन अजून होतं म्हणून पडद्यामागं ताडपत्री बांधली. कर्णे चार. ते कुठं बांधायचे, यावर माझा आतापर्यंत कुणाशी वाद झाला नव्हता, कारण धंदा माझा होता. दोन कर्णे गावाकडं केले, दोन कालव्याकडं. तिकडं घरं नाहीत, म्हणून आवाज कुणाला त्रास देणार नाही. असा माझा सुज्ञ विचार होता.

कालव्याच्या पलीकडं, नुकत्याच तोडून मोकळ्या झालेल्या फडात, धुळाची मेंढरं बसली होती. फडाच्या मालकाला उसाचा जुना खोडवा मोडून नवी लागण करायची होती, त्यासाठी लेंडीखत हवं होतं. धुळाला मेंढरांसाठी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे हवे होते. चार-साडेचारशे मेंढरं असतील. त्यांतली निम्मी तरी तात्यांच्या जुन्या कळपाच्या नातीपणती. आणि कालव्याला आवर्तन सुटलेलं. पाणी काठोकाठ.

हे सगळं मला दिसत होतं. मेंढरं दिसत होती, पाणी दिसत होतं, कर्णे तर मीच बांधले होते. पण तीन गोष्टी नुसत्या दिसणं वेगळं आणि त्यांची बेरीज होणं वेगळं.

तात्या आले. धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं. पुढच्या खुर्चीवर बसले. पडद्यावर एकेक देश येऊन गाऊन जात होता. एका देशाच्या गायकानं पाठीला पंख लावले होते. एकीच्या अंगावर दिवे होते. शोभाकाकी म्हणाल्या, "आमच्या गिरणीचं बिल एवढं येत न्हाय."  तात्यांना पंखांशी देणंघेणं नव्हतं. ते फक्त त्या आठ सेकंदांची वाट बघत होते.

मग आपला झेंडा आला आणि रेश्मा आली. हिरवं लुगडं, काठीसारखी ताठ. सोबत ढोल. चौक उठून ओरडायला लागला, तात्यांनी हात वर केला तसा गप्प झाला. दोन मिनिटं कशी गेली कळलं नाही. आणि मग ढोल थांबला, रेश्मानं डोळे मिटले, आणि घरघर सुरू झाली.

मी काय सांगू. माझ्या मानेवरचे केस असे उभे राहिले, की टोपी वर उचलली गेली. तान चढली, चढली, अशी चढली, की पडद्यातल्या त्या अवाढव्य सभागृहात पहिली रांग उठली, मग दुसरी, मग सगळं सभागृह. आमचा चौक उठला. चहावाल्याचं दूध उठलं. आणि कालव्यापलीकडं, फडामध्ये, साडेचारशे मेंढरं उठली.

तात्यांचं तोंड हललं. ते पुढच्या हाळीची वाट बघत होते. छातीतली. बसवणारी.

ढोलाचा एक ठोका पडला आणि गाणं संपलं. बरोबर तीन मिनिटं.

"झालं?" तात्या म्हणाले. मग जालिंदररावांकडं वळून, अगदी हळू, "मंजूर झालं म्हणाला हुतास न्हवं?"

"हरकत आली न्हवती ओ, तात्या..."

पुढचं वाक्य पलीकडून आलेल्या धुळाच्या किंकाळीत बुडालं. "आरं, मेंढरं निघाली! आरं, पान्याकडं निघाली!"

मेंढरं आवाजाच्या दिशेनं निघाली होती. आवाज माझ्या कर्ण्यांतून आला होता. मधे कालवा होता. पुढं एक तांबडी, बाकीची तिच्या मागं, एकमेकींच्या शेपटीकडं बघत. धुळा काठी घेऊन आडवा पळत होता, पण एका माणसाला दोन बाजू नसतात. पूल दोन फर्लांगांवर. मी झेप घेऊन मशिनची पिन उपटली. कर्णे बंद पडले, पण ते मेंढरांना कोण सांगणार? पडद्यावर सभागृह तसंच उभं होतं, बिनआवाजाचं, टाळ्या वाजवत. सोनेरी झग्यातली निवेदिका दोन्ही हातांनी बसा, बसा करत होती. कुणी बसत नव्हतं. पुढच्या देशाचे गाणारे कडेला ताटकळत होते.

तात्या उठले. कालव्याच्या काठावर गेले. चालत गेले, पळत नाही; किंवा पळत गेले असतील, मला ते चालल्यासारखे दिसले. मी मागून माईक घेऊन धावलो तर म्हणाले, "संपा, त्ये लांब कर."

तांबडीचा पुढचा पाय उतारावर पडला होता.

दहा वर्षांत त्या गळ्यानं मोकळ्या आवाजात एक हाळी घातली नव्हती; पोरीला शिकवली तीही गुणगुणूनच. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. तात्यांनी घोंगडं खाली टाकलं, काठी खाली टाकली, छातीवर हात ठेवला. आणि मग ती आली. आवाज म्हणावा असा मोठा नव्हता. घरात जात्याच्या पाळीवर हात ठेवला तर जी थरथर लागते ना, तशी ती काठाच्या मातीतून पायाला लागली. ती खाली उतरत गेली. उतरत गेली. मी मनात मोजत होतो, धंद्याची सवय. सहा. सात. आठ.

तांबडी थांबली. पाण्याकडं बघितलं, जसं काही हे मघापासून इथंच होतं हे तिला आत्ता कळलं. पुढचे गुडघे टेकले, मग मागचे. तिच्या मागची बसली. तिच्या मागची. फडाच्या पार टोकापर्यंत ती बसण्याची लाट गेली.

मी मागं वळून पाहिलं. चौक खाली बसला होता. जालिंदरराव परीटघडीच्या कपड्यांत चिखलात मांडी घालून बसले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. आणि पडद्यावर, बिरोबाची आण घेऊन सांगतो, पडद्यावर ते सगळं सभागृह पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गपकन बसत चाललं होतं.

---

आता काही शहाणे म्हणतात, की लोक टाळ्या वाजवून दमले म्हणून बसले. म्हणू देत. माझ्या माईकची वायर काही समुद्रापलीकडं गेलेली नव्हती, हे मलाही कळतं. शिवाय तो माईक तर तात्यांनी लांबच करायला लावला होता. काही म्हणतात, मेंढरं गोंगाटानं बिथरली आणि पाणी बघून थांबली. तेही असेल. मी स्वतः तपास केलाय. रेश्माचं गाणं मोबाईलवर घेऊन बारामतीच्या स्टँडवर बसलो आणि हाळीचा तुकडा मोठ्यानं लावला. चौघं उठले. त्यांची गाडी लागली होती. पिंपळीला एका ओळखीच्याच्या मेंढरांपुढं लावला, तर एका मेंढीनं मान वर केली, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा वाढं खायला लागली. असं बघितलं, की मीच खाली बसलो.

त्यामुळं कुतूहल काही फिटलं नाही. नातीपणतींना आजीची हाक कळते का? ज्या मेंढीनं तात्यांचा आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता, तिला कुणी शिकवलं, की हा सूर म्हणजे बस? आणि माणसांचं काय? आम्हाला सगळ्यांना उठायला शिकवलंय. उठा, पेटा, ठराव करा. एवढ्या उठवणाऱ्यांच्या गर्दीत बसवणारी हाळी किती जणांना येते? जगभरातल्या त्या नियमवाल्यांनी पण कापायला नेमका तोच तुकडा शोधला. त्यांचा दोष नाही म्हणा. ऐकायला तिच्यात काहीच नसतं.

हंगाम असाच कधीतरी संपतो. भोंगा एका दिवशी वाजत नाही, आणि आपल्याला कळायला आठ दिवस लागतात.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. निकाल सातच्या सुमाराला लागला. केशरी-पिवळ्या झेंड्यांनी आम्हाला दगा दिला. जालिंदररावांनी त्यांतल्या दोन देशांशी संबंध तोडल्याचं तिथंच जाहीर केलं. मग माझा मोबाईल वाजला. रेश्मा होती. मी तो घेऊन कालव्यावर गेलो. तात्या काठावरच बसले होते, पायाशी काठी, पलीकडं मेंढरं रवंथ करत होती. मी मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. मोठ्या आवाजातच होता, मलाही ऐकू येत होतं.

"तात्या," पोरगी रडत होती, "आपण अकरावं आलो. त्याचं काय न्हाय. पर मी शेवटचं न्हाय घातलं, तात्या. मी भ्याले. गाणं बाद झालं असतं तर सगळ्यांचं... जालिंदरमामा म्हणाले तुमचं ते बगत्यात, आन् मी बी मानलं. लोकं उटली, तात्या, आन् मला बसवताच येईना. मी तशीच आत आले. तुमी बगितलं न्हवं?"

तात्यांनी पलीकडं पाहिलं. तांबडी झोपली होती.

"बसवली मी," ते म्हणाले. "तू जेवून घे."